नागसेनवनातले प्रश्न

बी.ए.च्या पहिल्या वर्षी माझा इंग्रजी निबंध परत आला. विषय होता ‘माझं गाव’ आणि खाली शेरा होता, सगळी वाक्यं एकसारखी. खरंच होतं ते. मराठी माध्यमातून आल्यावर चूक टाळायची एकच युक्ती मला ठाऊक होती: कर्ता, क्रियापद, कर्म, टिंब. गाइडमध्ये उपाय होता, केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्यं आलटून पालटून लिहा. तसं लिहून पाहिलं. निबंध कवायत करत असल्यासारखा वाटला.

आपल्या शहरात नागसेनवन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे कॉलेज सुरू केलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. पाली ग्रंथ ‘मिलिंदपञ्ह’मध्ये तो भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारतो. म्हणजे कॉलेजला नाव प्रश्न विचारणाऱ्याचं आणि परिसराला उत्तर देणाऱ्याचं!

त्याच बाबासाहेबांचं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मी मग इंग्रजीत वाचायला घेतलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने सभाच रद्द केली, म्हणून न झालेलं हे भाषण त्यांनी १९३६ मध्ये स्वतः छापलं. त्यात आधी अत्याचाराच्या घटना येतात, बातमीसारख्या सपाट विधानांत. मग राजकीय सत्ता मागणाऱ्यांना सलग पाच प्रश्न: शाळा, विहीर, रस्ता, कपडे-दागिने, अन्न. पाचही प्रश्नांची सुरुवात शब्दशः सारखी. गाइडवाल्याने लाल पेन उचललं असतं! पण ही पुनरावृत्ती घणासारखी पडते, आणि लगेच दोन आखूड वाक्यं येऊन ती थांबवतात. आधी इतका एकसुरीपणा नसता, तर त्या आखूड वाक्यांना एवढा जोर आला नसता.

यात इंग्रजीची रचनाही मदत करते. मराठीत ‘का’ बहुतेक वेळा शेवटी येतो, तोवर ऐकणारा निवांत असतो. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारतं, त्यामुळे पहिल्याच शब्दाला समोरचा पकडला जातो.

मी निबंध पुन्हा काढला. पहिलं वाक्य होतं, माझ्या गावात एक जुनी विहीर आहे. ते तसंच ठेवलं. त्याखाली प्रश्न लिहिला, तिथे पाणी कोण भरायचं? पुढचं सुचेना, म्हणून आजीला फोन लावला. ती बराच वेळ काही बोललीच नाही.