कादरीचे गुन्हे आणि कादरीचं नाव

आइस हॉकीतल्या स्टॅन्ले कपावर विजेत्या खेळाडूंची नावं कोरली जातात. १८९३ पासून दिल्या जाणाऱ्या या कपावर २०२२च्या विजेत्यांमध्ये नाझेम कादरी हे नाव आहे. हा कप जिंकणारा तो पहिला मुसलमान खेळाडू. कादरी हे आडनाव आपल्याला परकं नाही, म्हणून बातमी आली तेव्हा आपल्याकडेही ती कौतुकाने फिरली. ‘पहिला मुसलमान’ म्हटलं की सज्जन, शांत, आदर्श मुलाची तसबीर तयार होते. कादरी त्या तसबिरीत बसत नाही, आणि मला त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं ते त्यामुळेच.

त्याचा जन्म ६ ऑक्टोबर १९९०चा, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या लंडन शहरातला. घराणं लेबनॉनचं. वडील समीर लहान असताना कुटुंब कॅनडात आलं. समीरना हॉकी खेळायची होती, पण हा खेळ महागडा. स्केट, काठ्या, हेल्मेट, अंगावरची पॅडं आणि वर मैदानाचं भाडं, हे स्थलांतरित घराला परवडणारं नव्हतं. मुलगा झाल्यावर मात्र त्यांनी त्याला बर्फावर उतरवलंच.

हा खेळ आपल्या ओळखीच्या हॉकीसारखा नाही. बर्फावर प्रत्येक बाजूचे गोलरक्षकासह सहा खेळाडू, चेंडूऐवजी रबराची जाड चकती, आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. चकती ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने धडक देऊन पाडणं नियमात बसतं. डोक्यावर मारणं किंवा काठी आडवी धरून तोंडावर हाणणं बसत नाही. या दोहोंमधली रेघ बारीक आहे, आणि वेगात खेळणाऱ्या फॉरवर्डला ती दर सामन्यात भेटते. कादरी सेंटर, म्हणजे फॉरवर्डांच्या तिघांमधला मधला. गोल करायचे, करवायचे आणि समोरच्याच्या अंगावरही जायचं, असा त्याचा खेळ.

२००९च्या निवडीत टोरोंटो मेपल लीफ्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. सुरुवातीची काही वर्षं दुय्यम लीगमध्ये ये-जा करण्यात गेली. २०१३च्या अर्ध्या मोसमात त्याने ४८ सामन्यांत ४४ गुण मिळवले (गोल किंवा गोलाला साहाय्य केलं की एक गुण) आणि टोरोंटो २००४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये पोचलं. बॉस्टनविरुद्धच्या सातव्या, निर्णायक सामन्यात कादरीच्या गोलाने ४-१ अशी आघाडी झाली होती. टोरोंटो तो सामना ५-४ असा हरलं. त्या शहरात आजही हा विषय काढला तर चेहरे पडतात म्हणे.

पुढे २०१६-१७ आणि २०१७-१८ या दोन्ही मोसमांत त्याचे ३२-३२ गोल. आणि मग त्याच्या नावावरचा डाग. २०१८च्या प्लेऑफमध्ये बॉस्टनच्या टॉमी विंगल्सला दिलेल्या धडकेबद्दल तीन सामन्यांची बंदी. २०१९ला पुन्हा बॉस्टनच, जेक डेब्रस्कच्या तोंडावर काठी हाणली म्हणून उरलेल्या फेरीला बंदी. दोन्ही वेळा टोरोंटो सातव्या सामन्यात हरलं, दोन्ही वेळा लोकांनी बोट कादरीकडे दाखवलं. त्या उन्हाळ्यात संघाने त्याला कोलोरॅडो ॲव्हलांचकडे देऊन टाकलं. तिथेही २०२१च्या प्लेऑफमध्ये त्याने सेंट लुईसच्या जस्टिन फॉकच्या डोक्यावर धडक दिली. या वेळी आठ सामने. तो परतण्याआधीच कोलोरॅडो बाद झालं.

या तिन्ही शिक्षा योग्य होत्या असं माझं मत आहे. समोरच्या माणसाला इजा झाली, नियम मोडला, दंड झाला. यात कुठेही नावाचा किंवा धर्माचा संबंध नाही, आणि तो ओढून आणायचं कारण नाही. आपला माणूस म्हणून त्याची चूक झाकायला गेलो, तर पुढे जे घडलं ते नीट मांडता येत नाही.

पुढचं घडलं २१ मे २०२२ला, सेंट लुईसमध्येच. मोकळ्या चकतीमागे कादरी आणि सेंट लुईसचा कॅल रोसेन दोघे धावले आणि दोघेही गोलरक्षक जॉर्डन बिनिंग्टनवर आदळले. (हा रोसेन २०१९च्या सौद्यात कादरीबरोबरच कोलोरॅडोला गेला होता!) बिनिंग्टन जखमी होऊन मालिकेबाहेर गेला. पंचांनी कादरीला दंड केला नाही, लीगनेही नाही. पण सेंट लुईसच्या प्रशिक्षकांनी त्याच्या जुन्या लौकिकाकडे बोट दाखवलं, आणि समाजमाध्यमांवर काही तासांत वेगळीच भाषा सुरू झाली. जिवे मारण्याच्या धमक्या, वंशावरून आणि धर्मावरून शिव्या. त्याच्या पत्नीने त्यातले काही संदेश लोकांसमोर ठेवले. पोलिसांना सुरक्षा वाढवावी लागली.

तीन खऱ्या गुन्ह्यांना बंदी मिळाली होती. ज्या धडकेला खेळाच्या नियमांत गुन्हाच नव्हता, तिच्यासाठी मिळाली धमकी. ‘त्याचा इतिहासच तसा आहे’ म्हणणारे या दोन गोष्टी एकाच तागडीत टाकत होते. इतिहास बंदीचा होता, शिवी मात्र नावाला होती. आपल्याकडच्या वाचकाला हा प्रकार फोड करून सांगायला नको.

दोन दिवसांनी चौथा सामना त्याच शहरात. चकती कादरीकडे गेली की प्रेक्षक हुर्यो उडवत होते. त्याने तीन गोल केले. कोलोरॅडो ६-३ने जिंकलं.

पुढच्या फेरीत एडमंटनच्या इव्हँडर केनने त्याला मागून ढकलून कठड्यावर आदळलं. अंगठा मोडला, शस्त्रक्रिया झाली. गंमत बघा, दोनच वर्षांपूर्वी, २०२०मध्ये, हॉकीतल्या वर्णद्वेषाविरुद्ध काही खेळाडूंनी हॉकी डायव्हर्सिटी अलायन्स उभी केली, तिच्या प्रमुखांमध्ये केन होता आणि संस्थापक सदस्यांमध्ये कादरी. केनला एका सामन्याची बंदी झाली. एकाच बाजूने उभे राहणारे दोघे बर्फावर एकमेकांना सोडत नाहीत, आणि तसंच असायला हवं.

सगळ्यांना वाटलं कादरीचा मोसम संपला. अंतिम मालिकेत टँपा बे लाइटनिंगशी गाठ होती, सलग दोनदा कप जिंकलेला संघ. २२ जूनच्या चौथ्या सामन्याला कादरी उतरला तेव्हा त्याला स्केटची नाडीही स्वतः बांधता येत नव्हती. सामना जादा वेळेत गेला. कादरीने मारलेली चकती गोलरक्षकाच्या बगलेखालून जाऊन जाळीच्या वरच्या भागात अशी अडकली की क्षणभर कुणाला कळलंच नाही ती कुठे गेली. ३-२. त्या गोलाच्या वेळी कोलोरॅडोचे खेळाडू बर्फावर जास्त होते का, यावर वाद झाला, गोल कायम राहिला. चार दिवसांनी कप कोलोरॅडोकडे होता.

कप जिंकणाऱ्या प्रत्येक खेळाडूला तो एक दिवस आपल्या गावी नेता येतो. कादरीने २७ ऑगस्ट २०२२ला तो लंडनला नेला, आणि शहरातल्या मशिदीत, लंडन मुस्लिम मॉस्कमध्येही नेला. हे शहर कुठलं? ६ जून २०२१च्या रविवारी संध्याकाळी फिरायला निघालेल्या एका मुसलमान कुटुंबावर इथेच एका तरुणाने मुद्दाम ट्रक घातला होता. तीन पिढ्यांतली चार माणसं गेली, नऊ वर्षांचा मुलगा तेवढा वाचला. पुढे न्यायालयाने या हत्यांना दहशतवादी कृत्य ठरवलं. सव्वा वर्षात त्याच शहरातल्या मशिदीत लोक या चकचकीत कपाभोवती गोळा होऊन फोटो काढत होते. खेळाने जखम भरते असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी तिथल्या पोरांना मशिदीत यायला वेगळं कारण मिळालं होतं.

त्याच महिन्यात त्याने कॅल्गरी फ्लेम्सशी सात वर्षांचा, ४ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला. २०१९मध्ये टोरोंटो त्याला आधी कॅल्गरीलाच पाठवणार होतं आणि तेव्हा त्यानेच नकार दिला होता. आता तिथे २०२४-२५च्या मोसमात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्याने ३५ गोल केले. टोरोंटोच्या त्या बत्तिसांपेक्षा तीन जास्त.