चापावरचा दाब

वाडीजवळ अंबाझरीची आयुध निर्माणी असल्याने आमच्याकडे तोफगोळ्यांच्या गप्पा फार. मी मात्र रायफलीच्या दस्त्यात अडकलो. .२२ रायफलीला स्प्रिंगच्या जोरावर मागेपुढे सरकवून गोळ्यांची सर लावणारा ‘एकिन्स’ दस्ता अमेरिकेने २००६ मध्ये मशिनगन ठरवला. बिनस्प्रिंगचा बंप स्टॉक मात्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये, ६ विरुद्ध ३ मतांनी, त्यातून वगळला. कारण तिथला कायदा चापाची ‘एक क्रिया’ मोजतो. आपला १९५९ चा शस्त्र कायदा चापावरचा दाब पाहतो: दाब असेतो गोळ्या सुटत राहतील अशी ‘बनवलेली किंवा फेरफार केलेली’ बंदूक निषिद्ध. पण दस्ता सरकताना चाप क्षणभर सुटतोच. म्हणजे वादाला जागा इथेही आहे. इशापूरच्या .२२ ला ही चिंता नाही, तिचा बोल्ट दर गोळीला हातानेच ओढावा लागतो.