पाय न लागलेला गालिचा

गालिचा मागावर विणला जातो. बडोद्याचा मोत्यांचा गालिचा मात्र मागावर कधी चढलाच नाही. रेशीम आणि हरणाचे मऊ कातडे यांवर तो सुईने भरलेला आहे. लांबी जेमतेम पावणेनऊ फूट, रुंदी पावणेसहा. तेवढ्या जागेत, जाणकारांच्या अंदाजाने, पंधरा ते वीस लाख बसरा मोती!

मोती टपोरे नव्हेत, बाजरीच्या दाण्यासारखे बारीक. एकेकाला वेज पाडायचे, दोऱ्यात ओवायचे आणि नक्षीच्या वळणावर टाचायचे. वेलींना रंग काचेच्या चिमुकल्या मण्यांनी दिला आहे. मधल्या तीन फुलांत कोंदणातले हिरे आहेत, शिवाय माणिक, पाचू आणि नीलम. पुढे गालिच्याचा लिलाव झाला, तेव्हा बातम्यांत हिऱ्यांनाच मथळा मिळाला. पण खरी करामत त्या पांढऱ्या जमिनीची आहे.

हा गालिचा १८६५ च्या सुमारास बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाडांनी करवून घेतला. रत्नांचा हा शौकीन राजा. ब्राझीलमध्ये सापडलेला 'स्टार ऑफ द साउथ' हिराही त्यांनीच खरेदी केला होता. गालिचा मदिनेत पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. मराठा राजाची ही भेट आज कुणाला अनपेक्षित वाटेल. पण ब्रिटिश लेखक जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या पुस्तकात हीच हकीकत नोंदवली आणि खर्च एक कोटी रुपये झाल्याचे म्हणतात, असेही लिहिले. मदिनेला मात्र तो गेलाच नाही. १८७० मध्ये खंडेराव वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. मूळ संचात असे चार गालिचे आणि एक गोल छत होते. गालिच्यांपैकी माहीत आहे तो हा एकच.

१९०२-०३ च्या दिल्ली प्रदर्शनात लोकांनी तो पाहिला. पुढे बडोद्याचे महाराज प्रतापसिंह गायकवाड यांच्या दुसऱ्या पत्नी सीतादेवी मोनॅकोला स्थायिक झाल्या, तेव्हा गालिचाही युरोपात गेला. १९८९ मध्ये त्या वारल्या. काही वर्षांनी तो जिनिव्हातल्या तिजोरीत असल्याचे उघड झाले.

मार्च २००९ मध्ये सदबीज्‌ने दोहात त्याचा लिलाव केला. किंमत आली सुमारे ५५ लाख डॉलर. ज्या इराणी आखातातून हे मोती एकेकाळी मुंबईच्या बाजारात यायचे, त्याच आखाताच्या काठावर ते परत पोचले. तेव्हा बडोद्याचा हा गालिचा पाहायचा, तर तिकीट दोहाचे काढा. तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.