पडद्यावरील हस्ताक्षर

पत्राखालीं नांव नसलें तरी अक्षराच्या वळणावरून तें कोणाचें, हें घरचीं माणसें सहज ओळखतात. ग्रंथकाराची शैलीही चोखंदळ वाचकाला अशीच ओळखतां येते. परंतु चित्रपट ही एका हाताची कृति नव्हे. कथा एकाची, संवाद दुसऱ्याचे, छायाचित्रण तिसऱ्याचें, संगीत चौथ्याचें. आणि प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात ते नट तर निराळेच. मग इतक्या हातांच्या गर्दींत दिग्दर्शकाचा हात ओळखावयाचा कसा? व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांवरून या प्रश्नाचा उलगडा चांगला होतो.

'प्रभात फिल्म कंपनी' १९२९ सालीं कोल्हापुरांत स्थापन झाली. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर, सीतारामपंत कुलकर्णी आणि शांताराम हे तिचे पांच संस्थापक. १९३३ मध्यें कंपनी पुण्यास आली. तेथील काम एखाद्या एकत्र कुटुंबासारखें चाले. म्हणूनच अशी शंका घेतां येते, कीं जिला लोक शांतारामांची शैली म्हणतात, ती वस्तुतः 'प्रभात'चीच शैली नसेल कशावरून?

या शंकेची परीक्षा सुदैवानें करतां येते. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ चा, शांतारामांचा 'कुंकू' १९३७ चा. चित्रशाळा तीच, छायाचित्रकार व्ही. अवधूत तेच, संगीतकार केशवराव भोळे तेच, गीतकार शांताराम आठवले तेच. तरीही दोन चित्रपटांचा स्वभाव किती भिन्न! 'संत तुकारामा'त कॅमेरा एखाद्या वारकऱ्याप्रमाणें शांतपणें उभा राहतो. विष्णुपंत पागनिसांची मुद्रा आणि अभंगाचा सूर एकमेकांत मिसळेपर्यंत त्याला कसलीच घाई नसते. उलट 'कुंकवा'त पार्श्वसंगीतच नाहीं. प्रसंगांतील वस्तूंचा जो आवाज असेल तोच ऐकूं येतो. वृद्ध वकील काकासाहेबांच्या घरांत घड्याळाची टिकटिक चालू असते, आणि तरुण नीरेशीं लग्न करणाऱ्या त्या माणसाला ती त्याचें वय सांगत असते. फुटक्या आरशाच्या तुकड्यांतून त्याचेच अनेक चेहरे त्याच्याकडे पाहूं लागतात. नीरा तर त्याला पति मानीत नाहींच. पण त्याच्या अपराधाचा निवाडा तिच्याआधीं घरांतील निर्जीव वस्तूच देऊन टाकतात.

हेंच शांतारामांचें वळण. त्यांच्या चित्रपटांत कांहीं तरी मुकाट्यानें माणसाकडे पाहत असतें, आणि त्या पाहण्यापुढें माणसाला स्वतःची ओळख पटते किंवा तो कोसळतो.

ही खूण ध्यानांत आली, कीं मागचेपुढचे चित्रपट निराळे दिसूं लागतात. १९३४ च्या 'अमृतमंथना'त राजानें बळीची प्रथा बंद केली म्हणून राजगुरु त्याचा घात करवितो. हिंदी आवृत्तींत ही भूमिका चंद्रमोहन यांनीं केली, आणि त्यांच्या एकाच डोळ्यानें पडदा व्यापून टाकणारें तें दृश्य प्रेक्षकांच्या स्मरणांत कायमचें राहिलें. तेथें डोळा धाकाचा आहे. तेवीस वर्षांनीं, १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटांत, डोळा पुन्हां येतो. औंध संस्थानांतील खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेल्या या कथेंत सहा खुनी कैदी उघड्या माळावर राबतात. त्यांना बेड्या नसतात. जेलर आदिनाथाचे डोळे मात्र पळूं पाहणाऱ्यांनाही परत फिरवितात. धाकाचा डोळा येथें विश्वासाचा झाला. मधल्या काळांत शांतारामांनीं 'प्रभात' सोडली होती, १९४२ मध्यें मुंबईस 'राजकमल कलामंदिर' उभें केलें होतें, सहकारी बदलले होते. वळण बदललें नव्हतें. 'प्रभात'चीच शैली, ही शंका येथें फिटते.

अशा खुणा त्या काळच्या प्रेक्षकांनाही कळत असत. १९३९ च्या 'माणूस' चित्रपटांत 'बाँबे टॉकीज'च्या प्रणयदृश्यांची थट्टा आहे. नक्कल हंशा पिकविते ती मूळ वळण ओळखीचें असेल तेव्हांच. दुसऱ्याचें हस्ताक्षर इतक्या अचूकपणें वाचणाऱ्या दिग्दर्शकाला स्वतःच्या हस्ताक्षराची जाण नसेल, असें मानणें कठीण.

परंतु वळण आणि लकब यांत भेद केलाच पाहिजे. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) आणि 'नवरंग' (१९५९) या रंगीत चित्रपटांत वस्तूंचा, वस्त्रांचा आणि रंगांचा थाट मोठा आहे; पण त्यांतील पुष्कळ वस्तु डोळ्यांना सुखवून थांबतात, कोणाचा न्याय करीत नाहींत. वस्तूंची केवळ रेलचेल पाहून 'हे शांताराम' म्हणणारा रसिक दागिन्यांवरून माणूस ओळखतो. त्या वस्तूपुढें पात्राला मान खालीं घालावी लागते काय, हा खरा प्रश्न.

१९७२ च्या 'पिंजरा' या मराठी चित्रपटांत त्याचें उत्तर पुन्हां सांपडतें. तमासगिरिणीच्या मोहांत सांपडलेले गुरुजी स्वतःच्या मृत्यूचा देखावा करून नाहींसे होतात. गांव त्यांचा पुतळा उभारतें. पुढें त्यांच्यावर आरोप येतो तो गुरुजींच्या, म्हणजे स्वतःच्याच, खुनाचा. खरें सांगितलें तर प्राण वांचतील, पण गांवानें पुजलेला आदर्श मोडेल; म्हणून ते फांशी पत्करतात. डॉ. श्रीराम लागू यांनीं साकारलेल्या या गुरुजींचा न्यायाधीश कोर्टांत नाहीं; तो चौथऱ्यावर दगडाचा होऊन उभा आहे. श्रेयनामावलि झांकून हा चित्रपट दाखविला, तरी काकासाहेबांचा आरसा ज्यानें पाहिला आहे तो हें हस्ताक्षर कोणाचें तें सांगेल.