नरक्या आणि नंदुरबारचे वाणी

वनस्पतींपासून आलेल्या औषधांचा इतिहास मी गेली काही वर्षे जुळवतो आहे. त्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील इरिनोटेकान या औषधाची कथा महाराष्ट्राशी दोन ठिकाणी जोडलेली आहे.

या औषधाचे मूळ द्रव्य कॅम्प्टोथेसिन. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळे केले. वाणींचा जन्म नंदुरबारचा. मात्र रुग्णांवरील सुरुवातीच्या चाचण्या घातक दुष्परिणामांमुळे थांबल्या. डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या विकराला हे द्रव्य जखडते, हे १९८५ मध्ये उमगले. जपानी संशोधकांनी त्याला पाण्यात विरघळणारे रूप दिले, तेच इरिनोटेकान. १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

दुसरा धागा सह्याद्रीतला. इथल्या नरक्या या झाडातही कॅम्प्टोथेसिन असल्याचे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवले. मागणी वाढली तशी कुऱ्हाड चालली आणि झाड विरळ होत गेले.

नरक्याचा काढा म्हणजे औषध नव्हे. कच्चे द्रव्य विषारीच. पण त्यासाठी जंगल तुटत असेल, तर नरक्याची लागवड हाही उपचाराचाच भाग मानायला हवा, असे मला वाटते. वाणींची नोंद ग्रंथांत राहील. नरक्याची जंगलात राहायला हवी.