समुद्रतळावरची उसनवारी

जुलै 1985 मध्ये आयर्लंडच्या नैऋत्येला भर समुद्रात 'लेऑन तेवनँ' नावाचे फ्रेंच जहाज ठाण मांडून होते. त्याचा खरा धंदा समुद्राखालून गेलेल्या टेलिफोनच्या केबल दुरुस्त करण्याचा. सोबतचा 'स्कॅरॅब' हा यंत्रमानवही त्याच कामासाठी घडवलेला: तुटलेली केबल गाळातून काढायची, जोडून झाली की परत पुरायची. या वेळी मात्र त्याला दोन किलोमीटर खोल पाण्यात एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानाच्या, 'ब्लॅक बॉक्स' म्हणतात त्या, दोन पेट्या उचलायच्या होत्या. 23 जूनला बॉम्बस्फोटात हे विमान आकाशातच फुटले होते आणि 329 माणसे गेली होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही पेट्या लागोपाठ वर आल्या आणि तिथून मुंबईला, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गेल्या. अणुविज्ञानातली मंडळी वैमानिकांच्या कक्षातली ध्वनिफीत ऐकायला बसली. फितीच्या शेवटी एक मोठा आवाज होता, त्यापुढे काहीच नव्हते.

शोधायला केबलचे जहाज आणि तपासायला अणुकेंद्र. पेटी तेवढी विमानाची, बाकी सगळी आयुधे दुसऱ्यांच्या घरची. कनिष्कच्या बाबतीत वेळ तशी आली म्हणून असे झाले, असे वाटेल. पण मागे जावे तसे दिसते की बुडालेल्या विमानाच्या शोधाचे सगळे घराणेच उसनवारीवर उभे आहे.

ब्लॅक बॉक्स म्हटले की डेव्हिड वॉरन यांचे नाव निघते. 1934 मध्ये 'मिस होबार्ट' हे विमान ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियामधल्या बास सामुद्रधुनीवर नाहीसे झाले. त्यात वॉरन यांचे वडील होते. डेव्हिड तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्या विमानाचा ठावठिकाणा कधीच लागला नाही. पुढे मेलबर्नच्या विमानविज्ञान प्रयोगशाळेत नोकरीला असताना जगातल्या पहिल्या जेट प्रवासी विमानाच्या, कॉमेटच्या, अपघातांचे गूढ त्यांच्यापुढे आले. एका व्यापारी प्रदर्शनात त्यांनी खिशात मावणारा जर्मन ध्वनिमुद्रक पाहिला होता. तो होता व्यावसायिकांसाठी, पण वॉरन यांना वाटले, असा एखादा त्या विमानात असता तर? त्यांनी केलेल्या नमुन्यात पोलादी तारेवर चार तासांचे बोलणे आणि उपकरणांची नोंद राहत असे. ऑस्ट्रेलियात कोणी फारसे विचारले नाही. 1958 मध्ये प्रयोगशाळेत आलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने ते यंत्र पाहिले, तेव्हा कुठे चक्र फिरले. 1960 मध्ये क्वीन्सलँडमधल्या मॅकायजवळ फोकर विमान समुद्रात पडून 29 जण मेले, त्यानंतर ऑस्ट्रेलियाने असे यंत्र सक्तीचे केले.

ज्या कॉमेटमुळे हे सुरू झाले, त्यातले एक विमान जानेवारी 1954 मध्ये इटलीच्या एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. आपल्या इतिहासातले लॉर्ड माउंटबॅटन तेव्हा ब्रिटिश आरमाराच्या भूमध्य समुद्रातल्या ताफ्याचे प्रमुख होते. त्यांच्या जहाजांनी पाण्याखालचा टेलिव्हिजन कॅमेरा सोडून तुकडा तुकडा हुडकला. असाच कॅमेरा 1951 मध्ये 'अफ्रे' ही बुडालेली पाणबुडी ओळखायला कामी आला होता. म्हणजे इथेही साधन पाणबुडीवाल्यांचेच. ऐकायला पेटी नव्हती, त्यामुळे पत्र्याला विचारावे लागले. धातू थकून फाटतो, हे त्याच पत्र्याने सांगितले.

पुढे पेटीला लक्षात ठेवता येऊ लागले, पण हाक मारता येत नव्हती. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरतात, त्यामुळे बिनतारी संदेश आणि उपग्रह तिथे निरुपयोगी. चालतो तो फक्त आवाज. म्हणून पेटीला पिंगर जोडला: हातात मावेल एवढी धातूची नळी, टोकाशी पाण्याची चाहूल घेणारा स्विच. पाणी लागले की तो सुरू होतो आणि सेकंदाला साधारण एकदा 37.5 किलोहर्ट्झचा ठोका देतो. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही, त्याला हायड्रोफोन लागतो. त्याची धाव फार तर दोन-तीन किलोमीटर आणि बॅटरी तेव्हा 30 दिवसांची असे. हे दोन आकडे एकत्र ठेवले की अडचण कळते. समुद्र चार किलोमीटर खोल असेल तर पृष्ठभागावरच्या जहाजाला काहीच ऐकू येणार नाही. मग काही किलोमीटर लांब केबलला श्रवणयंत्र बांधून खोलवर ओढत न्यायचे, तेही माणूस चालेल त्या वेगाने. एक रेघ संपवून जहाज उलटे फिरवायलाच तास जातात. आणि महिन्याची मुदत सरत असते. ही मुदत कागदावर ठरवणाऱ्यांनी खोल महासागराचा विचार केला असेल, असे मला वाटत नाही.

1987 मध्ये मॉरिशसजवळ पडलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या 'हेल्डरबर्ग' विमानाने याची चुणूक दाखवली. पिंगर ऐकूच आला नाही. वर्ष उलटून गेल्यावर, जानेवारी 1989 मध्ये, जवळपास 4,900 मीटर खोलीवरून ध्वनिमुद्रक निघाला. दुसरी पेटी आजतागायत तळाशीच आहे.

खरा धडा दिला तो रिओहून पॅरिसला जाताना 1 जून 2009 ला कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या 447 क्रमांकाच्या विमानाने. अटलांटिकमध्ये 228 जण गेले. फ्रान्सची अणुपाणबुडी आली, ओढायची श्रवणयंत्रे अमेरिकी आरमाराकडून आणली, महिनाभर कान लावले. काही नाही. जिथे ऐकू आले नाही, तिथे विमान नाही, असे धरून शोध दूरदूर सरकत गेला. वारंवार निराशा झाल्यावर तपास यंत्रणेने अमेरिकेतल्या एका गणितज्ञांच्या कंपनीला हिशेब करायला सांगितले. त्यांची पद्धत होती अठराव्या शतकातल्या थॉमस बेज या इंग्रज पाद्र्याच्या नियमावर बेतलेली: प्रत्येक शक्यतेला वजन द्यायचे आणि नवा पुरावा मिळाला, किंवा नाही मिळाला, की वजन बदलायचे.

समुद्रशोधाच्या कामात ही पद्धत आणली अमेरिकी आरमाराच्या जॉन क्रेव्हन यांनी. 1966 मध्ये स्पेनच्या किनाऱ्याजवळ दोन लष्करी विमाने धडकून एक हायड्रोजन बॉम्ब समुद्रात पडला, तेव्हा हे गणित वापरले. (बॉम्ब पडताना पाहिलेला एक मच्छीमार जागा दाखवत होता आणि जागा तीच निघाली, हेही सांगितले पाहिजे.) दोन वर्षांनी 'स्कॉर्पियन' ही अणुपाणबुडी याच हिशेबाने सापडली. त्या मोहिमेच्या गणितात गुंतलेले लॉरेन्स स्टोन चार दशकांनी एअर फ्रान्सच्या हिशेबातही होते.

स्टोन आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्न विचारला: दोन्ही पिंगर मुके झाले असतील तर? तसे धरताच नकाशा पालटला आणि शेवटच्या ज्ञात जागेजवळचा, आधीच 'ऐकून झालेला' भाग पुन्हा वर आला. 3 एप्रिल 2011 ला स्वयंचलित पाणबुड्यांनी तिथेच, 3,900 मीटरवर, अवशेष टिपले. 2009 मध्ये श्रवणयंत्रे त्यांच्या जवळून गेली होती. मे महिन्याच्या पहिल्याच दिवसांत स्मृतीचा भाग आणि ध्वनिमुद्रक मिळाले. अशा पेट्या वर आल्यावर वाळवायच्या नाहीत, हवा लागताच मीठ धातू खाते. म्हणून पाण्यातच बुडवून प्रयोगशाळेत नेतात. तेवीस महिन्यांनंतरही नोंद शाबूत होती. त्यानंतर पिंगरला 90 दिवसांची बॅटरी आणि विमानाच्या सांगाड्याला दूरवर ऐकू जाणारा 8.8 किलोहर्ट्झचा दुसरा पिंगर, असे नियम आले.

मलेशियाच्या एमएच 370 च्या वेळी ते अजून लागू झाले नव्हते. 8 मार्च 2014 ला 239 जणांसह हे विमान नाहीसे झाले, तेव्हा त्याच्या एका पेटीच्या पिंगरची बॅटरी 2012 च्या डिसेंबरमध्येच मुदतबाह्य झाली होती. दिशा दाखवली ती फोन-डेटाच्या व्यवसायातल्या उपग्रहाने. विमान आणि उपग्रह यांच्यात सवयीने होणाऱ्या तासातासाच्या 'हजेरी'वरून हिंदी महासागरात एक चाप काढला. त्यावर 1,20,000 चौरस किलोमीटर तळ चाळला. मिळाली एकोणिसाव्या शतकातली बुडालेली जहाजे.

आपल्याकडेही हीच उसनवारी. जून 2015 मध्ये तटरक्षक दलाचे डॉर्नियर विमान तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्याचा पिंगर 'सिंधुध्वज' पाणबुडीने ऐकला आणि पेटी काढली तेल-वायूच्या कामावरच्या जहाजाने. पुढच्याच वर्षी, 22 जुलैला, चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेले हवाई दलाचे एएन-32 विमान 29 जणांसह बंगालच्या उपसागरावर गडप झाले. त्यावर पाण्याखाली हाक देणारा पिंगर नव्हता. जानेवारी 2024 मध्ये चेन्नईपासून तीनेकशे किलोमीटरवर, 3,400 मीटर खोल, त्याचे अवशेष एका यंत्राच्या छायाचित्रांत उमटले. ते यंत्र राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे आहे आणि घेतले होते समुद्रतळावरची खनिजे शोधण्यासाठी.