गरोदरपणातील तीव्र रक्तदाब : तीन गोळ्या आणि नागपूरची चाचणी

भिलाई : गर्भवतीचा वरचा रक्तदाब १६० किंवा खालचा ११० वर पोहोचला आणि तो टिकून राहिला, तर तो तातडीचा प्रसंग मानला जातो. मेंदूतील रक्तस्राव, झटके (एक्लॅम्प्सिया) आणि वार वेळेआधी सुटणे हे त्यातील मुख्य धोके होत. अशा वेळी ३० ते ६० मिनिटांत औषध सुरू व्हावे, असा प्रसूतिशास्त्राचा संकेत आहे. शिरेतून दिले जाणारे लॅबेटालॉल व हायड्रॅलझिन हे रूढ उपाय. मात्र त्यांना प्रशिक्षित हात आणि सततची देखरेख लागते. भिलाईसारख्या पोलादनगरीत मोठे रुग्णालय जवळ असते. मितानीनच्या (छत्तीसगडमधील आशा कार्यकर्ती) भरवशावर असलेल्या दूरच्या गावांतून ते गाठण्यातच वेळ जातो. मग केवळ गोळ्यांनी भागेल काय?

या प्रश्नाचे उत्तर भिलाईहून मुंबई-हावडा लोहमार्गाने पश्चिमेला असलेल्या नागपुरात शोधले गेले. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय येथे एप्रिल २०१५ ते ऑगस्ट २०१७ या काळात, २८ आठवडे पूर्ण झालेल्या ८९४ गर्भवतींना चिठ्ठी पद्धतीने तीन गटांत विभागण्यात आले. निफेडिपिन १० मिलिग्रॅम व लॅबेटालॉल २०० मिलिग्रॅम गरजेनुसार दर तासाला पुन्हा देण्यात आले. मिथाइलडोपाची १००० मिलिग्रॅमची मात्रा एकदाच दिली गेली. सहा तासांत, गंभीर दुष्परिणामाविना, रक्तदाब आटोक्यात आलेल्या महिलांचे प्रमाण अनुक्रमे ८४, ७७ आणि ७६ टक्के होते. 'द लॅन्सेट'ने २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

निफेडिपिन मिथाइलडोपापेक्षा सरस ठरले, हे खरे. तथापि संथ समजल्या जाणाऱ्या जुन्या मिथाइलडोपाने एकाच मात्रेत चारपैकी तीन महिलांना सावरले, ही बाब साधनांची वानवा असलेल्या केंद्रांसाठी अधिक मोलाची आहे. अर्थात ही चाचणी रुग्णालयात, देखरेखीखाली झाली होती. तिच्या आधारे घरी गोळी घेऊन थांबता येत नाही.

रक्तदाब एकदम खाली आणणेही घातक असते, कारण वारेचा रक्तपुरवठा घटतो. त्यामुळे निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची जुनी पद्धत टाळली जाते. दमा असलेल्या महिलेला लॅबेटालॉल देत नाहीत. एनालॅप्रिलच्या वर्गातील औषधे गरोदरपणात वर्ज्य आहेत. झटके रोखण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट स्वतंत्रपणे द्यावे लागते. मूळ विकार प्री-एक्लॅम्प्सियाचा असेल, तर त्यावरील निर्णायक उपाय प्रसूती हाच असून, औषधे तोवरचा अवधी मिळवून देतात.